नसलेल्या पिक्चरचं गाणं

माझं एकच गाणं गाजलं, आणि ते माझं आहे हे मी कोल्हापुरात कुणाला पटवू शकलो नाही. शब्द माझे, चाल माझी, गिटार माझी, पुढे रेकॉर्डिंगही माझ्याच खोलीत झालं. पण गावाला ते एका पिक्चरचं गाणं म्हणून माहीत आहे. तो पिक्चर कधी निघालाच नाही. काढायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की कुणीतरी मला रस्त्यात गाठून सांगणार, की त्यानं तो बघितलाय.

गिटारचं वेड मला कॉलेजात असताना लागलं. सत्तर साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे गिटार म्हणजे ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर लोखंडी कांडी घासत सिनेमाची गाणी वाजवायची. ती मी शिकलो, पण जीव रमला नाही. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून कधीकधी वेगळीच गिटार ऐकू यायची. भांडायला उठलेल्या माणसासारखा तिचा आवाज होता. त्या गाण्यातला इंग्रजी शब्द एक कळत नव्हता, पण भांडण कळत होतं.

तशी गिटार कोल्हापुरात मिळत नव्हती, आणि मुंबईहून आणण्याची गोष्ट घरात काढायची सोय नव्हती. वडील नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. मग मी मासिकातलं एक चित्र घेऊन मिरजेला एका सतार करणाऱ्याकडे गेलो. त्यानं चित्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आतनं पोकळ न्हाई व्हय? मग आवाज ऱ्हायाचा कुठं?" तरी त्यानं करून दिली. भरीव लाकडाची, आणि हाताच्या सवयीनं कडेला सतारीवर असते तशी वेलबुट्टी काढलेली. तारांखालच्या चुंबकाला तांब्याची तार गुंडाळून दिली ती उद्यमनगरातल्या, पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीनं. गिटार एवढी जड झाली, की दोन गाणी वाजवली तरी खांदा भरून यायचा.

एका मंडपात स्पीकरवाल्याच्या मशीनला ती जोडून मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तेव्हा तो शॉर्टवेव्हवरचा फाटका, चिडका आवाज पहिल्यांदा निघाला. मी आनंदानं उडी मारायच्या बेतात होतो. तेवढ्यात स्पीकरवाला धावत आला.

"स्पीकरचा कोन फाडलास की रं माझा!"

"फाटला न्हाई, असाच आवाज पाहिजे," मी म्हणालो.

"असा पाहिजे तर घरचा स्पीकर फाड जा."

वडिलांनी हे ऐकल्यावर एवढंच म्हटलं, की वाद्य वाजवणं वाईट नाही, पण ते वाजतंय की बिघडलंय हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. मला राग आला. आता वाटतं, एवढी नेमकी टीका माझ्यावर पुढे कुणी केली नाही.

मग मी ऑर्केस्ट्रात शिरलो. तेव्हा पेठेपेठेतून ऑर्केस्ट्रा निघत होते आणि लग्नापासून गणपतीपर्यंत सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. तिथे मला माझा मित्र भेटला. तो गायचा, आणि दोन गाण्यांच्या मधलं बोलणंही त्याच्याकडेच असायचं. त्याचं घराणं सिनेमाची पोस्टरं रंगवणारं. दिवसभर शिडीवर चढून नट्यांच्या गालांना गुलाबी रंग द्यायचा आणि संध्याकाळी बोटं रॉकेलनं पुसून स्टेजवर उभा राहायचा. घरात त्यांची दखनी, आमच्यात रांगडी कोल्हापुरी, आणि माईकसमोर मात्र असं शुद्ध मराठी, की माझे वडीलसुद्धा एकदा म्हणाले, या मुलाला व्याकरण कुणी शिकवलं ते विचार.

ऑर्केस्ट्राची एक रीत होती. गाणं सुरू करायच्या आधी पिक्चरचं नाव सांगायचं. नुसतं नाव नाही, संगीत कुणाचं, गायलंय कुणी, पडद्यावर कोण आहे, सगळं. नाव सांगायला उशीर झाला तर मागून आरोळी यायची, "पिक्चर कंचा?" आमचं गावच सिनेमाचं. गल्लीत एक तरी माणूस असा असायचाच, जो कुठल्यातरी पिक्चरच्या गर्दीत फेटा बांधून उभा राहिलेला असायचा. पिक्चर नसलेलं गाणं म्हणजे बापाचं नाव नसलेलं पोर, अशी लोकांची समजूत. देवाचं गाणं असलं तर माफ होतं, बाकी नाही.

आणि मला तर माझी गाणी म्हणायची होती. सिनेमाची गाणी हुबेहूब वाजवून मी कंटाळलो होतो. इंग्रजी गिटारीचा तो भांडखोरपणा आणि आपल्या एसटी स्टँडवरची भाषा यांची गाठ घालायची, हे माझं स्वप्न. पहिलं गाणं जमलं तेही एसटीचंच. एक माणूस पावसात गाडीची वाट बघत उभा आहे, एवढीच त्यात गोष्ट.

राधानगरीची गाडी आली न्हाई,
म्हणून मी काय घरला गेलो न्हाई.

लक्ष्मीपुरीत एका तालीम मंडळाच्या गणपतीपुढे आम्ही ते पहिल्यांदा म्हटलं. मित्रानं प्रामाणिकपणे सांगितलं, की ही आमच्या गिटारवादकाची स्वतःची रचना आहे. बायका पोरांना उठवून लघवीला घेऊन गेल्या. पुरुष शेंगा घ्यायला उठले. एकजण ओरडला, "सोताचं असंल तर सोताच्या घरात म्हणा की!" दुसरं कडवं चालू असताना मंडळाच्या अध्यक्षांनी हातानं खूण केली, आवरा. आम्ही आवरलं. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी ढोलकीवाल्याशी उगीच भांडलो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी इचलकरंजीत कार्यक्रम होता. समोर यंत्रमागावरचे कामगार, कानात अजून मागांचा खडखडाट भरलेला, त्यामुळे त्यांना आवाज मोठाच लागायचा. मध्यंतरानंतर मित्र माईकपाशी गेला आणि मला काही न सांगता बोलायला लागला. "रसिकहो, लवकरच आपल्या भेटीस येत असलेल्या..." आणि त्यानं एका पिक्चरचं नाव घेतलं. मी आपला आठवतोय, हा पिक्चर कुठला? मग तो म्हणाला, "राधानगरीची गाडी."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. बातम्या देणाऱ्याइतका गंभीर चेहरा. ढोलकीवाल्यानं ठेका धरला, मग मलाही वाजवावंच लागलं. आणि ती माणसं ऐकत होती. तसलीच माणसं, तेच गाणं, फाटका आवाज तोच. दुसऱ्या वेळेला धृपद आलं तेव्हा मागच्या रांगा म्हणायला लागल्या होत्या. "वन्स मोअर"चा गलका उठला. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्या ताटातलं उचलून नेतंय असंही वाटलं.

परत येताना टेम्पोत मी त्याच्यावर उखडलो. तो शांतपणे म्हणाला, "मर्दा, गाणं त्यांनी ऐकलं का न्हाई ते सांग. मी रोज पोस्टर रंगवतोय. 'लवकरच' एवढं लिव्हलं की लोक डोळं झाकून इश्वास ठेवत्यात. गाणं रुजू दे. मग सांगू की तुझं हाय म्हणून."

मला ते पटलं. गाणं रुजलंही. पण त्याच्यासोबत पिक्चरही रुजला, हे आम्ही धरलंच नव्हतं.

पुढच्या गणपतीत लोकच आम्हाला त्या पिक्चरची माहिती द्यायला लागले. शूटिंग पन्हाळ्यावर झालंय. एकाच्या मेव्हण्याची बैलगाडी त्यात आहे. हिरो धरणावर इंजिनिअर असतो आणि हिरॉइन स्टँडवर त्याची वाट बघत असते. "शेवटाला धरण फुटतंय," असं एका सलूनवाल्यानं मला माझी दाढी करताना सांगितलं, आणि हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी गाण्यात धरणाचा ध सुद्धा लिहिला नव्हता. वरातीचे बँडवाले ते वाजवायला लागले. नवरा घोड्यावर, आणि पुढे क्लॅरिनेट सांगतंय की गाडी आली नाही. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि एक दिवस ते गाणं घरात आलं. वडील दाढी करताना गुणगुणत होते. वडील गुणगुणतात हेच मला माहीत नव्हतं.

"हे गाणं बरं आहे," ते आरशातून मला म्हणाले. "गाडी आली नाही म्हणून रडारड नाही, आदळआपट नाही. माणूस उभा आहे आपला. असं काहीतरी लिहावं."

"ते मीच लिहिलंय."

त्यांनी वस्तरा थांबवला. "खोट्याच्या कपाळी गोटा. आमच्या शाळेतल्या शिपायाचा भाचा आहे त्या पिक्चरमध्ये."

मग मी त्यांना तिसरं कडवं म्हणून दाखवलं. स्टेजवर लांबण लागते म्हणून ते आम्ही कधीच म्हणत नव्हतो, त्यामुळे कुणी ऐकलेलं नव्हतं. वडिलांनी साबण लावलेल्या तोंडानं सगळं ऐकून घेतलं. दाढी पुरी केली, तोंड धुतलं आणि शाळेत गेले. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. विचारायचा धीर मात्र झाला नाही. वडिलांना आपलं म्हणणं खरं वाटलं पाहिजे, ही इच्छा माणसाच्या मनात किती खोल असते, हे मला त्या वयात माहीत असतं तर मी ती जरा कमी केली असती.

पुढे कॅसेटचे दिवस आले आणि ऑर्केस्ट्राला उतरती कळा लागली. मी शाहूपुरीत एक मागची खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दारावर घोंगडं टांगलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. भजनी मंडळं यायची, पोवाडेवाले यायचे, खेड्यातून जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या बायका यायच्या. पंखा बंद करा, बांगड्या काढा, माईकपासून एक हात लांब बसा, बाहेर ट्रक गेला की थांबा, हे मी दिवसभर सांगायचो. काय वाजवायचं, कुठे थांबायचं, टाळ किती मागे ठेवायचे, हे माझ्या हातात होतं, आणि मला त्यात गिटारीइतकीच मजा यायला लागली. एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारलं, ही ओवी कुणाची? त्या म्हणाल्या, "कुणाची म्हंजी? म्हणंल त्याची." मी मान हलवली. पण मनातून मला ते पटलं नव्हतं. मला माझ्या गाण्यावर माझं नाव पाहिजे होतं.

शेवटी मी माझी स्वतःची कॅसेट काढली. सगळी गाणी माझी, आणि पहिलं राधानगरीचं, तिन्ही कडव्यांसकट. गायला अर्थात मित्र. वरचं चित्रही त्यानंच काढलं आणि माझं नाव ठळक घातलं. गीत, संगीत, गिटार. महाद्वार रोडवरच्या कॅसेटवाल्याला मी ती नेऊन दिली. त्यानं मशीनवर लावली, धृपदापर्यंत ऐकली आणि बंद केली.

"पावणं, ह्ये त्या पिक्चरचं गानं हाय."

"पिक्चर नाहीये तसा. माझंच आहे ते."

"पिक्चर न्हाई? लगीन झालं तवा माज्या वरातीत वाजलंय. दुसऱ्याचं गानं आपल्या नावावर घालताय आनि वर मलाच सांगताय. चोराच्या उलट्या बोंबा!"

त्यानं कॅसेट परत दिली. पुढच्या दुकानातही तेच. चार दिवसांत बातमी फिरली, आणि चहाच्या गाड्यावर माझ्याकडे बोट दाखवून एकजण दुसऱ्याला सांगायला लागला, की पिक्चरचं गाणं ढापलेला तो हाच. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. तेव्हापासून चोर तर मी होतोच, वर भांडखोरही झालो.

मित्राला हे फार लागलं. पुढच्या मोठ्या कार्यक्रमात, आमच्याच पेठेत, खचाखच भरलेल्या मैदानात तो माईकपाशी गेला आणि शुद्ध मराठी सोडून बोलला. "ऐका. असा पिक्चर न्हाई. कधीच नव्हता. थाप मी मारलेली. ह्ये गाणं माझ्या ह्या भावानं लिव्हलंय, चाल बी त्याचीच."

मैदान हसायला लागलं. शिट्ट्या वाजल्या. मधोमध एकजण उठून उभा राहिला.

"ओ, चेष्टा बास! म्या सोता बघितलाय पिक्चर!"

"कुठं बघितला?" मित्र ओरडला.

"इंटरवलपतोर बघितला! मग लाइट गेलती!"

त्याच्या बाजूनं आणखी दोघं उठले. एकाला तर धरण फुटताना दिसलं होतं. मित्र माईक हातात धरून उभा होता आणि त्याच्या थापेनं सबंध मैदान त्याच्या विरोधात उभं केलं होतं. शेवटी लोक गाणं मागायला लागले आणि आम्हाला ते वाजवावं लागलं. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, हे तोवर मी नुसतंच म्हणत आलो होतो.

मी हट्ट सोडला नाही. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात, कुणी गाणं गुणगुणलं की मी विचारायचो, कुणाचं हे? आणि उत्तर आलं की वाद घालायचो. लोक मला टाळायला लागले. बायको म्हणायची, गाणं तुमचं आहे हे मला माहीत आहे, पुरे नाही का? पुरे नव्हतं. चोर हा शब्द कानातून जात नव्हता.

वडील तोवर निवृत्त झाले होते. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर त्यांच्यासारखेच चार-पाच पेन्शनर बसायचे. एकदा घरी पाहुणे आले म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो. ते पाठमोरे बसले होते आणि भेळेच्या गाड्यावर लागलेल्या रेडिओमुळे जरा मोठ्यानं बोलत होते. मी जवळ गेलो, तेव्हा एकजण त्यांना म्हणत होता, "पण मास्तर, तुमचा पोरगाच म्हणतोय की पिक्चर न्हाई म्हणून."

"तो चिडतो, म्हणून म्हणतो," वडील म्हणाले. "मी स्वतः बघितलाय. सुरुवातीला पाट्या येतात. आधी नटांच्या, मग फोटोग्राफीची, आणि मग एक पाटी एकट्याची. गीत आणि संगीत, आमचे चिरंजीव. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हलली नाही ती पाटी बराच वेळ. मी नीट वाचलं."

मी जागच्या जागी थांबलो. हा माणूस आयुष्यात टॉकीजमध्ये किती वेळा गेला होता ते मला माहीत होतं. परीक्षेत शेजारच्याचं उत्तर बघून लिहिलं म्हणून यानं स्वतःच्या पुतण्याला नापास केलं होतं.

"कुठल्या टॉकीजला बघितला म्हणायचा?" दुसऱ्यानं विचारलं.

वडिलांनी घसा खाकरला. "बेळगावला. बहिणीकडे गेलतो तेव्हा."

माझी आत्या एकच, ती साताऱ्याला. बेळगावात आमचं कुणीही नाही.

तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाची नजर माझ्यावर पडली. "हे बघा, खुद्द चिरंजीवच आले. आता खरं-खोटं होऊन जाऊ दे. काय हो, मास्तर म्हणतात तसा पिक्चर हाय का न्हाई?"

वडील वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, चपलांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. शाळेत ज्याच्या नजरेला मुलं घाबरायची, तो माणूस खाली बघत होता, आणि तो काय करत आला होता ते मला आत्ता कळलं. गाव माझं नाव त्या गाण्यावर लावायला तयार नव्हतं, तर त्यांनी ज्या पिक्चरवर गावाचा विश्वास होता त्याच्यातच माझं नाव घालून टाकलं होतं. किती वर्षं, किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. पिक्चर नाही, हे एक वाक्य बोलायला मी इतकी वर्षं जिथेतिथे भांडत होतो, आणि आज माझ्या वडिलांच्या वयाची माणसं ते ऐकायला थांबली होती.

"हाय की," मी म्हणालो. "बेळगावला लई चालला. इकडं आणलाच न्हाई त्यांनी."

"बघा," वडील त्या सगळ्यांना म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

मग ते उठले, धोतर झटकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. ते असेपर्यंत तो पिक्चर नाही असं मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.